कातडे कमावणारा कुठे आहे?

आपल्या मराठीला कृतज्ञतेचे भरते आले की ती म्हणते, 'माझ्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायांत घातले तरी तुमचे उपकार फिटणार नाहीत.' सत्कार-समारंभांत हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. दर वेळी मनात एकच प्रश्न येतो : ते कातडे कमावणार कोण? बोलणारा आणि जोडे यांच्या मध्ये एक हौद आहे, चुना आहे, बाभळीची साल आहे, आणि कोपरापर्यंत हात बुडवून बसलेला एक माणूस आहे. बोलणाऱ्याला तो दिसत नाही. तो आमच्या समीक्षेलाही दिसलेला नाही, एवढेच मला इथे मांडायचे आहे.

'कमावणे' हे क्रियापदच पाहा. गायकाचा आवाज कमावलेला असतो, पैलवानाचे शरीर कमावलेले असते. कातडेही कमावलेलेच असते. पण पहिल्या दोन ठिकाणी आपण त्याला साधना म्हणतो आणि तिसऱ्या ठिकाणी घाण. त्या कमावलेल्या आवाजाला साथ करणाऱ्या तबल्यावर कातडेच ताणलेले असते, हे मैफलीत कोणी आठवत नाही.

मी पदवीच्या वर्गाला दलित आत्मकथने शिकवतो. एकदा तास संपल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, ह्यात आमचं घर कुठंय?" मुलगा ढोराचा. मीही ढोराचाच. ते त्याला ठाऊक नव्हते, कारण मी ते वर्गात कधी सांगितले नव्हते. हा लेख त्याच्या प्रश्नातून आणि माझ्या त्या गप्प बसण्यातून आला आहे.

आमच्या परड्यात कातडी कमावली जात. मिठातले कातडे आधी पाण्यात भिजवायचे, मग चुन्याच्या हौदात केस सैल होईपर्यंत ठेवायचे. नंतर एका बाजूचे केस आणि दुसऱ्या बाजूचे मांस खरवडायचे. चुना नीट धुऊन निघाला नाही तर कातडे कडक होऊन तडकते. पुढे बाभळीची साल आणि हिरडा यांचे पाणी. शेवटी कातडे पिशवीसारखे शिवून, आत साल भरून टांगायचे आणि झिरपलेले पाणी पुन्हा पुन्हा वरून ओतायचे. बाप कडेला चीर देऊन पाही. मध्ये पांढरी रेघ दिसली तर म्हणे, "अजून कच्चं हाय." सालीतले टॅनिन कातड्याच्या तंतूंना धरून ठेवते आणि कातडे सडत नाही, हे मी महाविद्यालयात शिकलो. बापाला ते त्या रेघेवरून कळत होते. चुन्याने आईच्या बोटांची सालटी निघत. शाळेत जाण्यापूर्वी मी दोनदा साबण लावी, तरी माझ्या शेजारचा बाक रिकामाच राही. ही दोन्ही सत्ये एकाच परड्यातली आहेत.

आता पुस्तकांकडे येऊ. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (1978) मेलेले जनावर महारकीच्या अंगाने येते. माधव कोंडविलकरांचे 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' (1979) ही चांभाराच्या घरात जन्मलेल्या शिक्षकाची रोजनिशी. ओमप्रकाश वाल्मीकींच्या हिंदी 'जूठन'मध्ये (1997) शाळकरी मुलाला मेलेले जनावर सोलायला जावे लागते. या पुस्तकांचे मोल मी कमी करत नाही. माझी तक्रार वाचणाऱ्यांविषयी आहे. भूक, अपमान, वेदना या तीन शब्दांत आपण ती शिकवून मोकळे होतो. मीही तसेच शिकवत आलो.

त्यामुळे दोन गोष्टी निसटतात. पहिली, हातातले ज्ञान. दुसरी अधिक अवघड आहे. एकच कातडे गावात कोणाकोणाच्या हातून जाई? महाराने जनावर ओढले, ढोराने कातडे कमावले, चांभाराने पायताण शिवले, मांगाच्या हलगीवर ते वाजले. आणि यातला प्रत्येक जण दुसऱ्याला आपल्यापेक्षा हलका मानत होता. माझी आजी महाराच्या हातचे पाणी पीत नसे. बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता त्या एका कातड्यावर उमटली आहे. आत्मकथने आपण जातवार वाचतो, म्हणून हे कातडे तुकड्यातुकड्यांनी हाती येते आणि आपापसातली उतरंड झाकली जाते.

कार्यकर्ते मित्र म्हणतील, हा जातीच्या धंद्याचा गौरव झाला. आक्षेप खरा आहे. 15 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराच्या कातड्यातून मिळणाऱ्या उत्पन्नाची भाषा करणाऱ्यांना उत्तर दिले होते : एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या. त्या उत्तरापुढे मला काही जोडायचे नाही. आप्पासाहेब पटवर्धनांनी कोकणात मृत जनावरे सोलण्याचे काम स्वतःच्या हाताने केले. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. पण त्यांनी ते काम निवडले होते. माझ्या बापाला निवड नव्हती. सक्ती नाकारायची, ती मुळासकट नाकारायची. पण सक्तीबरोबर बापाची बुद्धीही नाकारली तर मनूचेच म्हणणे आपण मान्य केले असे होईल, की त्या हातांना डोके नव्हते.

हा प्रश्न जुना झालेला नाही. 2015 मध्ये महाराष्ट्रात बैल व वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. 11 जुलै 2016 रोजी गुजरातेत उनाजवळ मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारले. त्यानंतर तिथल्या दलितांनी मेलेली जनावरे उचलायला नकार दिला आणि सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीपुढे ती नेऊन टाकली. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. 2025 मध्ये प्राडाने तशीच चप्पल मिलानच्या मंचावर आणली, तीही आरंभी कोल्हापूरचे नाव न घेता. महाराष्ट्र संतापला, ते योग्यच झाले. पण त्या संतापात चपलेचे नाव होते, गावाचे होते. कातडे कमावणाऱ्याचे नाव आपण तरी कधी घेतले होते?

त्या विद्यार्थ्याला मी नंतर बोलावून सांगितले, "मीही ढोराचाच आहे. तुझ्या आजीकडून या कामातले शब्द लिहून आण." त्याने दोन पाने भरून आणली. त्यातले निम्मे शब्द मला ठाऊक नव्हते.