पाळी कोणाची? ‘द बॅनियन डिअर’ आणि मिलचं उज्जैन

दुसऱ्या महायुद्धानंतर कामगारांना चार गोष्टी समजावायला कार्टूनपट फार सोयीचे ठरले. ब्रिटिश सरकारने हलास-बॅचलर यांच्याकडून ‘चार्ली’ची मालिका करवून घेतली, त्यात नवी शहरं, खाणी, निर्यात हे सगळं सामान्य माणसाच्या गळी उतरवलंय. अमेरिकेत १९४८ मध्ये ‘मेक माइन फ्रीडम’ निघाला. त्यात बाटलीतलं औषध विकणारा भोंदू डॉक्टर मजुरालाही भुलवतो. दोन्हीकडे मजुराचं काम एकच: शेवटी शहाणं होणं.

आपल्याकडे फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला १९५६ मध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स आले. काळ दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा, भर अवजड उद्योगांवर. पण १९५७ मध्ये तयार झाला तो ‘द बॅनियन डिअर’, जातककथेवरचा. त्यात यंत्र नाही, मजूरही नाही. तरी मला वाटतं, श्रमाबद्दल तोच जास्त बोलतो.

कथा अशी: राजाच्या शिकारीत हरणं उगाच जखमी होतात, म्हणून दोन कळप ठरवतात की रोज पाळीने एकाने मरायला जायचं. गाभण हरणीची पाळी येते. तिचा पुढारी नियमावर बोट ठेवतो. दुसऱ्या कळपाचा राजा, वटहरीण, तिच्या जागी स्वतः मान ठेवतो.

‘पाळी’ हा शब्द विनोद मिल, हीरा मिलच्या गावात वेगळाच ऐकू येतो बघा. इथे पाळी म्हणजे भोंगा, डबा, रात्रपाळीचे डोळे. पाळी लावणारा एक आणि पाळीवर जाणारा दुसरा, हे इथल्या घरांना सांगावं लागत नाही. नियम सगळ्यांना सारखा असला तरी त्याचा भार सारखा नसतो, हे ही कथा दाखवते. उत्पादन वाढवा म्हणणाऱ्या चित्रांना ते जमत नाही.

उणीव शेवटात आहे. राजाचं मन द्रवतं आणि सगळ्यांना अभय मिळतं. हरणांनी स्वतः काही मिळवलं, असं होत नाही. विनोद मिल बंद पडल्यावर कामगारांच्या देण्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथे दया नव्हे, हक्काचा पैसा मागितला होता. चित्रपट जिथे थांबतो, तिथून आपल्या गावाची गोष्ट सुरू होते. म्हणून तो पाहावा, आणि शेवट मान्य न करता पाहावा.