‘पेप’चं तिखट कूळ

‘पेप’ म्हणताना ओठ दोनदा मिटतात. पहिल्या ‘प’ला ते फट्‌कन उघडतात आणि मधला स्वर नीट पसरायच्या आत दुसरा ‘प’ त्यांना पुन्हा बंद करतो. अंगातली तरतरी सांगायला इंग्रजीत भारदस्त शब्द पुष्कळ आहेत. या बोलीतल्या शब्दाइतका चपळ मला दुसरा दिसत नाही.

‘पेपर’ म्हणजे मिरी. त्याचं हे अमेरिकेत छाटलेलं रूप. मिरीला ‘जोम’ हा लाक्षणिक अर्थ एकोणिसाव्या शतकातच चिकटला होता. विसाव्याच्या सुरुवातीला शेपूट गळालं आणि ‘पेप’ उरला. पण खरी मौज आणखी मागे आहे. इंग्रजी ‘पेपर’ लॅटिन ‘पिपेर’वरून, ते ग्रीक ‘पेपेरी’वरून आणि त्याच्या मुळाशी संस्कृत ‘पिप्पली’. म्हणजे आपली पिंपळी, त्रिकटूत सुंठ-मिरीच्या शेजारी बसणारी! युरोपात नाव पोचलं पिंपळीचं, मान घेतला मिरीने. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने भाव नोंदवले आहेत: पिंपळी पौंडाला 15 दिनार, काळी मिरी अवघे 4. पुढे 408 मध्ये गॉथांचा राजा अलारिकने रोमचा वेढा उठवायला मागितलेल्या खंडणीत सोन्यारुप्याबरोबर 3000 पौंड मिरी होती. एवढ्या तोलामोलाच्या घराण्यातला शब्द अमेरिकेच्या मैदानांवर पोरासारखा हुंदडतो, हे मला फार लोभस वाटतं.

(पेप्सी या कुळातली नव्हे. तिच्या नावाचा धागा ‘डिस्पेप्सिया’शी, म्हणजे अपचनाशी जुळतो.)

अर्थाची छटाही मिरीचीच. ‘एनर्जी’ साठवता येते, मोजता येते. ‘पेप’ चिमटीनेच पडतो आणि लगेच झोंबतो. ‘पेप टॉक’ घ्या. सामना तोंडावर आलेला असतो, किंवा मध्यंतर संपत आलेलं. डावपेच शिकवायची वेळ गेलेली असते; प्रशिक्षकाला आता फक्त रक्त तापवायचं असतं. म्हणून हे बोलणं लांबलं की फसतं.

सिंक्लेअर लुईसने 1922च्या ‘बॅबिट’ कादंबरीत हा शब्द व्यापारी उत्साहाच्या तोंडी घातला आणि त्यातला पोकळ गलका ऐकवला. त्याच्या कानाला माझी दाद आहे, कारण या शब्दाला काळी बाजूही आहे. ॲम्फेटामिनच्या गोळ्यांना लोक ‘पेप पिल’ म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना जागं ठेवायला त्या दिल्या गेल्या. असर उतरला की तीच माणसं गळून जात.