‘अर्धायुष्य’ : एक सदोष संज्ञा

बारामती-इंदापूरचा काळा पाषाण ज्या दख्खनी लाव्हाथरांपैकी आहे, त्यांचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे ठरले आहे. लाव्हा थिजल्यानंतर त्यातील पोटॅशियम-४० पासून आर्गॉन वायू साठत जातो. दोहोंच्या प्रमाणावरून काळ काढतात. (मुरूम झालेला दगड येथे निरुपयोगी, त्यातील आर्गॉन बहुधा निसटलेला असतो.) पोटॅशियम-४० चे ‘अर्धायुष्य’ सुमारे १२५ कोटी वर्षे, म्हणजे या पाषाणातील त्याचा शेकडा साडेतीनच्या आसपासच भाग क्षय पावला आहे. आमचा आक्षेप आहे तो या संज्ञेवर. ‘हाफ-लाइफ’चा हा शब्दशः अनुवाद होय. अर्धे आयुष्य म्हटले की दुप्पट काळात सारे संपावे, असेच मराठी वाचक समजणार. वस्तुतः तेव्हाही चतुर्थांश उरतो. ‘अर्धक्षयकाल’ म्हटल्यास हा घोटाळा टळतो.