केळ्यांना दिलेलं श्रेय : १९२४ चा एक पेपर वाचताना

आज एक जुना पेपर तपासूया. सिलिअॅक आजारात गहू, बार्ली, राय यांतल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करते, आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. १९२४ साली हे कारण ठाऊक नव्हतं. मुलं खंगत जायची, काही दगावायची.

त्या वर्षी न्यूयॉर्कच्या डॉ. सिडनी हास यांनी केळ्यांच्या आहाराने अशी मुलं सुधारल्याचा पेपर छापला. पहिल्या वाचनात मलाही तो पटला. मुलं खरंच सुधारली होती, निरीक्षणात खोट नव्हती. खोट निष्कर्षात होती. हास यांनी केळी दिली, पण त्याच वेळी पाव, बटाटे आणि सगळी धान्यं बंद केली. बदल दोन, श्रेय मात्र एकालाच!

तुम्ही म्हणाल, कंट्रोल गट हवा होता. पण नेहमीचं जेवणारा गट ठेवून भागलं नसतं. केळीच जिंकली असती. केळ्यांसोबत गहूही खाणारा गट हवा होता.

या चुकीची किंमत मुलांनी मोजली. केळ्यांनी आजार 'बरा' झाला असं मानलं की पुन्हा पाव द्यायला हरकत उरत नाही. पाव परत आला की आजारही परतायचा. तरीही या आहाराने अनेक मुलं वाचली, हे मान्य करायलाच हवं.

नेदरलँड्सचे डॉ. विलेम डिके यांची गोष्ट नेहमी अशी सांगतात: १९४४-४५ च्या दुष्काळात पाव मिळेना, मुलं सुधारली आणि शोध लागला. पण गव्हाविना आहाराबद्दल त्यांनी १९४१ मध्येच लिहिलं होतं. शिवाय दुष्काळात एकदम दहा गोष्टी बदलतात; तिथेच थांबले असते तर त्यांचाही हास झाला असता. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्याच मुलाला गहू देऊन, मग बंद करून, दर वेळी शौचातली चरबी मोजली. १९५० च्या प्रबंधात हे काम आलं. आजही उपचार तोच: ग्लुटेन जन्मभर बंद.

तुमचा प्रयोग यशस्वी होईल त्या दिवशी वहीत एक ओळ जरूर लिहा: याखेरीज मी आणखी काय बदललं होतं?