संगणकीकृत मेंदू-ॲटलासमधील ‘सरासरी मेंदू’ : एक चिकित्सा

मानवी मेंदूची रचना व कार्ये यांच्या अभ्यासात संगणकीकृत ॲटलासला आज प्रमाणग्रंथाचे स्थान प्राप्त झाले आहे. व्यक्तीच्या मेंदूची एमआरआय प्रतिमा संगणक एका आदर्श मेंदूवर बसवितो. त्यासाठी ती फिरविली, ताणली वा आक्रसली जाते. मग प्रत्येक बिंदूला तीन निर्देशकांचा पत्ता मिळतो आणि आदर्श मेंदूवरील भागांची नावे त्या व्यक्तीच्या मेंदूवर उतरविली जातात. निरनिराळ्या देशांतील प्रयोगांची तुलना या पद्धतीमुळेच सुकर झाली, हे मान्य करावे लागते. तथापि हा आदर्श मेंदू कोणाचा, या प्रश्नाची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

ब्रॉडमन यांनी १९०९ मध्ये पेशीरचनेच्या आधारे पाडलेले क्षेत्रक्रमांक आजही रूढ आहेत. तालेराक व तुर्नू यांचा १९८८ चा ॲटलास साठ वर्षे वयाच्या एकाच स्त्रीच्या मृत्यूत्तर मेंदूवर आधारलेला होता. एका व्यक्तीचा मेंदू अवघ्या मानवजातीचे मोजमाप ठरावा, ही उणीव लक्षात आल्यावर माँट्रियल येथील संस्थेने प्रथम ३०५ व पुढे १५२ व्यक्तींच्या प्रतिमांची सरासरी काढली. एकाऐवजी अनेक आले खरे, परंतु सरासरी मेंदू हा प्रत्यक्षात कोणाच्याच डोक्यात नसतो.

भारतापुरता हा प्रश्न अधिक व्यावहारिक आहे. हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने २१ ते ३० वयोगटातील ५० पुरुष व ५० स्त्रिया यांच्या प्रतिमांवरून तयार केलेला भारतीय मेंदू-ॲटलास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य, चिनी व कोरियन नमुन्यांच्या तुलनेत भारतीय मेंदूचे सरासरी आकारमान त्यात लहान आढळले. (याचा बुद्धिमत्तेशी संबंध जोडण्याचा मोह कोणी करू नये.) खरा धोका निदानात आहे. स्मृतिभ्रंशाच्या तपासणीत हिप्पोकॅम्पसचे आकारमान पाहिले जाते. परक्या मापाने मोजल्यास मुळातच लहान असलेला निरोगी भाग झिजलेला समजला जाऊ शकतो. शिवाय हा आजार उतारवयाचा, आणि हैदराबादचा नमुना तरुणांचा. बंगळूरच्या निम्हान्सशी निगडित संशोधकांनी २०२० मध्ये ६ ते ६० वर्षांसाठी पाच वयोगटांचे नमुने सिद्ध करून ही त्रुटी पुष्कळ अंशी कमी केली. साठीनंतरचे वय मात्र त्यांच्याही कक्षेबाहेर राहिले.

रचनेपेक्षा कार्याचा नकाशा अधिक वादग्रस्त आहे, आणि भाषेच्या बाबतीत हे विशेषत्वाने जाणवते. २०१६ मध्ये २१० निरोगी तरुणांच्या माहितीवरून प्रत्येक गोलार्धात १८० क्षेत्रे निश्चित करण्यात आली. त्यांपैकी भाषेशी संबंधित ‘५५ ब’ या क्षेत्राची मांडणी सुमारे ११ टक्के व्यक्तींत नेहमीपेक्षा वेगळी आढळली. उलटपक्षी, १२ भाषाकुलांतील ४५ भाषांच्या २०२२ च्या अभ्यासात भाषिक जाळ्याची ढोबळ जागा सर्वत्र सारखीच दिसली. म्हणजे प्रत्येक भाषेला स्वतंत्र ॲटलास हवा, हा आग्रह टिकत नाही. मात्र त्या अभ्यासात बहुतेक भाषांचे दोनच वक्ते होते, ही मर्यादा विसरता येत नाही. वाचनाची गोष्ट आणखी निराळी. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या प्रयोगांत देवनागरी वाचताना डाव्या गोलार्धाबरोबर उजव्या गोलार्धातील काही भागही सक्रिय झाले. मराठीची लिपीही देवनागरीच असल्याने तिच्या अभ्यासकांनी याची दखल घेणे क्रमप्राप्त आहे.

या संदर्भात संग्रामपूर परिसराचे उदाहरण बोलके ठरते. लगतच्या जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलली जाते. कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी तिचे नाते सिद्ध झालेले नाही. तिचे भाषक कोरकू, मराठी व हिंदीही वापरतात. अशा बहुभाषिक व्यक्तीला अपस्मारावरील शस्त्रक्रिया करावी लागली, तर कोणत्या भाषेत चाचणी घेऊन तिचे भाषाक्षेत्र ठरविणार? सरासरी नकाशा येथे दिशा दाखवील, सीमा दाखविणार नाही. ती त्या व्यक्तीच्याच मेंदूवर शोधावी लागेल.

यूलिश येथील २०२० च्या ॲटलासने २३ मृत्यूत्तर मेंदूंच्या आधारे वेगळा मार्ग दाखविला आहे. तेथे बिंदूला एकच नाव न देता तो अमुक क्षेत्रात असण्याची संभाव्यता दिली जाते. भारतीय ॲटलासांनी ही संभाव्यता तर नोंदवावीच. सहभागी व्यक्तीचे वय व लिंग यांच्या जोडीला तिच्या भाषा, लिपी व शिक्षण यांच्याही नोंदी ठेवाव्यात.