लेखकांची पत्रे : संग्रहाचे एकक कोणते?

प्रसिद्ध ग्रंथकारांच्या हातची पत्रे मिळवून ती जपून ठेवणारे रसिक महाराष्ट्रात पूर्वीपासून आहेत. त्यांच्या आस्थेमुळे पुष्कळ सामग्री रद्दीत जाण्यापासून वाचली, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे. तथापि जपलेले प्रत्येक पत्र वाङ्मयाच्या अभ्यासास उपयोगी पडतेच असे नाही. ग्रंथाचे हस्तलिखित सर्व वाचकांसाठी सिद्ध झालेले असते. पत्र मात्र एका विशिष्ट व्यक्तीस, विशिष्ट प्रसंगी आणि बहुधा कोणत्या तरी आधीच्या पत्राच्या उत्तरादाखल लिहिलेले असते. सही एकाची असली तरी पत्र दोघांचे असते. संग्राहकाची दृष्टी सहीवर खिळली, की हा दुसरा मनुष्य नाहीसा होतो आणि त्याच्याबरोबर पत्राचा अर्धा अर्थही जातो. बुलढाणा जिल्ह्यातील दोन ग्रंथकारांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे उद्बोधक ठरेल.

पत्रे गोळा करण्याची शिस्त मराठीत इतिहाससंशोधकांनी घालून दिली. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. वऱ्हाडातही ही जिज्ञासा पोचली होती. बुलढाण्याचे यादव माधव काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ १९२४ सालचा आहे. या परंपरेत सुट्या कागदापेक्षा दप्तराला महत्त्व आहे. पत्र कोणत्या घराण्याच्या दप्तरात, कोणत्या कागदांच्या शेजारी सापडले, हा तेथे पुराव्याचाच भाग मानला जातो. आधुनिक ग्रंथकारांच्या पत्रांच्या वाट्याला ही शिस्त क्वचितच आली. ती सहसा स्वाक्षरीच्या वहीप्रमाणे जमविली गेली : एक पत्र या कवीचे, एक त्या नाटककाराचे, एक तिसऱ्या कादंबरीकाराचे.

अशा विखुरण्याचे परिणाम काय होतात, याचे एक सुपरिचित उदाहरण इंग्रजी वाङ्मयात आहे. कीट्सने फॅनी ब्रॉन हिला लिहिलेली पत्रे तिने मरेपर्यंत जपली होती. १८७८ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि १८८५ साली लंडनमध्ये त्यांचा लिलाव झाला. ऑस्कर वाइल्डने त्या लिलावावर एक सुनीत लिहून आपला उद्वेग व्यक्त केला. वाइल्डचा आक्षेप भावनेचा होता. अभ्यासकाचा आक्षेप निराळा आहे. एका स्त्रीने एकत्र ठेवलेला जुडगा अनेकांच्या हाती गेला आणि प्रत्येक पत्र ‘कीट्सचे पत्र’ म्हणून स्वतंत्र झाले. पत्रे आधी छापली गेली होती म्हणून त्यांचा मजकूर तरी एकत्र राहिला. जेथे छपाई आधी झालेली नसते, तेथे मजकूरही जातो.

मराठीत या प्रश्नाची दुसरी बाजू जी. ए. कुलकर्णी यांच्या पत्रांनी स्पष्ट केली. त्यांच्या निधनानंतर (१९८७) ‘जी. एं.ची निवडक पत्रे’ चार खंडांत प्रसिद्ध झाली. १९९५ सालच्या पहिल्या खंडात सुनीता देशपांडे यांना लिहिलेली पत्रे आहेत. एकाच व्यक्तीस लिहिलेली पत्रे एका खंडात ठेवण्याचा निर्णय निःसंशय योग्य होता, कारण त्यामुळे संबंधाची वाढ क्रमाने दिसते. तरीही वाचकाला एकच आवाज ऐकू येत होता. अनेक ठिकाणी जी. ए. ज्या प्रश्नाला उत्तर देत आहेत तो प्रश्न पुस्तकाबाहेर होता, आणि त्यामुळे त्यांच्या पत्रांना स्वगताचे रूप देणे टीकाकाराला सोपे जात होते. २००३ साली सुनीताबाईंची पत्रे ‘प्रिय जी. ए.’ या नावाने प्रसिद्ध झाली आणि स्वगताचा पुन्हा संवाद झाला. दोन पुस्तकांच्या मध्ये आठ वर्षे गेली. परंतु दोन्ही बाजू टिकून होत्या म्हणूनच हे शक्य झाले. शिवाय ‘निवडक’ हा शब्द अभ्यासकाने विसरता कामा नये. निवड कोणत्या निकषावर झाली, काय गाळले गेले, हे मूळ कागद पाहिल्यावाचून ठरविता येत नाही. म्हणून छापील आवृत्ती निघाली तरी मूळ पत्रांची आवश्यकता संपत नाही.

मूळ पत्रात मजकुरापलीकडेही पुरावा असतो. हिंदुस्थानात पाव आण्याचे पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. कार्डावर मजकूर आणि पत्ता एकाच तुकड्यावर असल्यामुळे पत्र कोणाला गेले हे कायम राहते. पाकिटातील पत्राचे तसे नाही. ‘प्रिय मित्र’ एवढ्याच संबोधनाचे पत्र पाकिटावाचून उरले, तर मित्र कोण हे कळण्याचा मार्ग उरत नाही. तिकिटे जमविणाऱ्यांनी पाकिटाचा कोपरा कापला, की टपालाचा शिक्का आणि त्याबरोबर तारीखही जाते. मागे राहतात ती अक्षरे आणि सही. आणि नेमक्या एवढ्यावरच स्वाक्षरीचा संग्राहक समाधानी असतो.

आता बुलढाण्याकडे वळता येईल. ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा ताराबाई शिंदे यांचा ग्रंथ १८८२ साली पुण्यात छापला गेला. ताराबाई बुलढाण्याच्या; त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे तेथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेड क्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता. जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये या ग्रंथाची दखल घेतली. पुढे तो इतका विस्मृतीत गेला की १९७५ साली स. गं. मालशे यांनी त्याची नवी आवृत्ती काढली तेव्हा तो जणू नव्यानेच सापडला. आजही ताराबाईंविषयीची चरित्रपर माहिती अत्यल्प आहे. बुलढाण्यातील हे लेखन पुण्याच्या छापखान्यापर्यंत कोणाच्या मध्यस्थीने गेले, फुल्यांशी प्रत्यक्ष पत्रव्यवहार होता की ग्रंथाद्वारेच परिचय झाला, टीकेनंतर ताराबाईंनी पुन्हा ग्रंथ का लिहिला नाही, या सर्व प्रश्नांची उत्तरे पत्रांत मिळण्याजोगी आहेत. त्या काळच्या खाजगी लेखनात मोडी लिपीचा वापर सर्रास असे. म्हणून अशी पत्रे समोर आली तरी मोडी न वाचणाऱ्या वारसांना ती जमाखर्चाच्या कागदांहून वेगळी दिसणार नाहीत. जी लेखिका तिच्या हयातीत ‘प्रसिद्ध’ नव्हती, तिची पत्रे सहीसाठी कोणी जपत नाही. प्रसिद्धी हा संग्रहाचा निकष मानला तर ताराबाईंसारख्या लेखिका प्रारंभीच वगळल्या जातात.

दुसरे उदाहरण प्रसिद्ध कवीचे आहे. ना. घ. देशपांडे यांचा जन्म १९०९ साली बुलढाणा जिल्ह्यातील सेंदुरजन येथे झाला. मेहकर येथे त्यांनी वकिली केली आणि २००० साली ते निवर्तले. त्यांचे ‘शीळ’ हे गीत गो. ना. जोशी यांच्या आवाजात १९३०च्या दशकाच्या आरंभी ध्वनिमुद्रित होऊन घरोघर पोचले. त्याच नावाचा कवितासंग्रह मात्र १९५४ साली निघाला. ‘अभिसार’ १९६३चा, आणि ज्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो ‘खूणगाठी’ १९८५चा. संग्रहांमधील अंतर मोठे आहे. पुण्या-मुंबईपासून दूर राहणाऱ्या कवीचा संपादक, गायक आणि समकालीन कवी यांच्याशी संबंध बव्हंशी टपालानेच राहिला असणार, हे अनुमान सहज संभवते. या मधल्या काळातील काव्यविचार शोधावयाचा तर तो तेथेच शोधावा लागेल.

येथे पत्रसंग्रहाचा मूळ नियम लक्षात येतो : लेखकाची पत्रे लेखकाच्या घरी नसतात. कवीने लिहिले ते दुसऱ्या गावी जाते. कवीच्या घरी येते ते इतरांचे. म्हणजे मेहकरच्या कवीची पत्रे मेहकरबाहेर शोधावयाची, आणि मेहकरला आलेल्या पत्रांत बाहेरच्या लेखकांचा इतिहास वाचावयाचा. अशा जुडग्यातून एखादा संग्राहक दोन-चार मोठ्या नावांची पत्रे वेचून नेईल, तर उरलेली पत्रे निरर्थक होतील आणि नेलेली अपुरी राहतील. म्हणून संग्रहाचे एकक सही हे नसून प्राप्तकर्त्याचा संपूर्ण जुडगा हे असले पाहिजे. त्यात वाचनालयाचे स्मरणपत्र, शाळेचे निमंत्रण, अप्रसिद्ध वाचकाचे कार्ड, हे सर्व आले.

कायद्याचाही या विचाराला आधार आहे. पत्राचा कागद प्राप्तकर्त्याच्या मालकीचा असतो. मजकुराचा स्वामित्वहक्क लेखकाचा व त्याच्या वारसांचा असतो. तथापि १९५७च्या कॉपीराइट कायद्यात एक महत्त्वाची सवलत आहे : लोकांना प्रवेश असलेल्या ग्रंथालयात, संग्रहालयात वा अन्य संस्थेत ठेवलेल्या अप्रकाशित लेखनाची नक्कल, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे उलटली असल्यास, संशोधनासाठी किंवा प्रकाशनाच्या हेतूने करता येते. घरच्या कपाटातील पत्राला ही सवलत लागू नाही. तेच पत्र सार्वजनिक ग्रंथालयात गेले, की कालांतराने ते अभ्यासकांसाठी मोकळे होते.

यावर असा आक्षेप येईल की संस्थांनी पत्रे सांभाळलीच असती तर खाजगी संग्राहकाची गरज भासली नसती. कित्येक कपाटे संस्थांच्या तळघरांपेक्षा अधिक सुरक्षित आहेत. आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्यातून निष्कर्ष निघतो तो संग्राहकाने थांबावे हा नव्हे, तर त्याने संशोधकाची शिस्त स्वीकारावी हा. पत्र कोठून आले, कोणाकडे होते, शेजारी काय होते, पाकीट आहे की नाही, याची नोंद करावयास एक वही पुरे. विद्यापीठीय विभागांचे कामही येथूनच सुरू होते : जिल्ह्यातील प्रसिद्ध लेखकांच्या नावांची यादी करण्याआधी पत्रे ज्यांना आली त्या शिक्षकांची, वकिलांची, वाचनालयांची आणि नियतकालिकांची यादी करावी; जुडगे न फोडता त्यांची सूची करावी; मोडी वाचणारे विद्यार्थी तयार करावेत. लेखकाची सही काचेखाली ठेवली तर ती शोभेची वस्तू होते. ज्याला ती लिहिली त्याचे नाव तिच्याशेजारी राहिले, तरच तिचा वाङ्मयेतिहासात उपयोग होतो.