प्रारंभिक संशोधक आणि मानवेतर प्रतिमान : एका अनुदान-परिभाषेची चिकित्सा

१

संशोधनाला अनुदान देणाऱ्या संस्था वेळोवेळी जी निवेदने प्रसिद्ध करतात त्यांच्याकडे गद्यलेखन म्हणून पाहण्याची आपल्याकडे प्रथा नाही. अर्जदार ती वाचतो ते पात्रतेच्या अटी आणि अखेरची तारीख यांच्यासाठी. इतर कोणी ती वाचतच नाही. वस्तुतः 'संशोधक' कोण, 'नवे' कशाला म्हणावयाचे आणि 'पुरावा' कोणता धरावयाचा, हे ठरविणारा तो एक स्वतंत्र लेखनप्रकार आहे, आणि हे सर्व तो व्याख्येच्या शब्दांनी ठरवितो. त्यामुळे अशा निवेदनांची चिकित्सा करणे हे भाषाभ्यासकाच्या कक्षेबाहेरचे मानण्याचे कारण नाही.

प्रस्तुत लेखात यासाठी एक उदाहरण निवडले आहे. एच.आय.व्ही.चा अभ्यास माकडांवरील प्रयोगांतून करणाऱ्या तरुण शास्त्रज्ञांना अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांकडून (यापुढे 'एन.आय.एच.') मिळत आलेली अनुदाने, हे ते उदाहरण. पुण्यात १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली, त्यामुळे हा रोग आणि त्याचे संशोधन मराठी वाचकाला अपरिचित नाही. आणि ज्या माकडावर हे संशोधन उभे आहे ते तर मूळचे आपल्याच देशातले. या अनुदानांच्या परिभाषेत दोन शब्द मध्यवर्ती आहेत : 'प्रारंभिक' आणि 'प्रतिमान'. हे दोन शब्द एकमेकांच्या विरुद्ध दिशांनी ओढतात, ती ओढ निवेदनकर्त्यांच्या ध्यानात आलेली दिसत नाही, आणि तिची किंमत तरुण संशोधक व प्रयोगातील प्राणी या दोघांनाही मोजावी लागते, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे.

२

प्रथम 'प्रतिमान' या शब्दाचा विचार करू. इंग्रजी 'मॉडेल' या शब्दात नमुना, प्रतिकृती आणि आदर्श असे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. जीवशास्त्रात त्याचा अर्थ 'ज्याच्यावरून दुसऱ्याविषयी अनुमान करावयाचे असा प्राणी' इतकाच आहे. मात्र शब्दाचे उरलेले दोन अर्थ नकळत सोबत येतात, आणि माकड ही माणसाची तयार प्रतिकृतीच आहे असा भास निर्माण होतो.

हा भास किती फसवा आहे हे या प्रतिमानाच्या इतिहासावरून दिसते. १९८५ साली मॅसॅच्युसेट्समधील न्यू इंग्लंड प्रादेशिक नरवानर संशोधन केंद्रातील रीसस माकडांमध्ये एक विषाणू सापडला. मानवी विषाणूला त्या वेळी 'एच.टी.एल.व्ही.-३' असेही म्हणत; त्याच धर्तीवर माकडाच्या विषाणूचे नाव 'एस.टी.एल.व्ही.-३' असे ठेवण्यात आले. पुढे १९८६ साली नामकरण समितीने मानवी विषाणूसाठी 'एच.आय.व्ही.' ही संज्ञा सुचविली, आणि माकडाचा विषाणूही तिच्यामागोमाग 'एस.आय.व्ही.' झाला. वंशक्रम मात्र नेमका उलट आहे. एच.आय.व्ही.-१ हा चिंपांझीच्या विषाणूपासून आणि एच.आय.व्ही.-२ हा सूटी मँगाबे या आफ्रिकी माकडाच्या विषाणूपासून उद्भवला. नातवाच्या नावावरून आजोबांचे नाव पडावे, तसा हा प्रकार आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मँगाबेच्या शरीरात हा विषाणू भरपूर प्रमाणात असतो, तरीही त्याला सहसा एड्स होत नाही. आशियाई रीसस माकड हे त्या विषाणूचे नैसर्गिक घरच नव्हे. बंदिवासात तो मँगाबेपासून त्याच्याकडे आला, आणि म्हणूनच ते आजारी पडते. उलट मानवी एच.आय.व्ही.-१ रीसस माकडात वाढू शकत नाही. त्याला अडविणारे 'ट्रिम५-अल्फा' हे प्रथिन २००४ साली उजेडात आले. ही अडचण ओलांडण्यासाठी १९९० नंतरच्या दशकात दोन्ही विषाणूंचे भाग जोडून 'एस.एच.आय.व्ही.' हे संकर तयार करण्यात आले. थोडक्यात, आशियातील माकड, आफ्रिकेतील विषाणू आणि अमेरिकेतील प्रयोगशाळा यांच्या योगाने हे प्रतिमान घडविले गेले आहे. ते निसर्गात आयते सापडलेले नाही.

घडविलेल्या वस्तूची पारख तिच्याकडून कोणते काम घ्यावयाचे त्यावरून होते. येथे दोन उदाहरणे पुरेशी आहेत. १९९५ साली टेनोफोव्हिर हे औषध संसर्गानंतर चोवीस तासांच्या आत सुरू करून चार आठवडे दिल्यास माकडांचे एस.आय.व्ही.पासून रक्षण होते, असे दिसून आले. हेच औषध ज्यात आहे अशा गोळीला संसर्गापूर्वीच्या प्रतिबंधासाठी अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळाली. या प्रश्नाला माकडाने दिलेले उत्तर माणसाच्या बाबतीतही खरे ठरले. दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. अ‍ॅडिनोव्हायरसवर आधारलेल्या एका लशीने २००२ साली 'एस.एच.आय.व्ही.-८९.६पी' या संकराविरुद्ध माकडांना चांगले संरक्षण दिले. 'एस.आय.व्ही.-मॅक२३९' या अधिक चिवट विषाणूपुढे मात्र तशाच लशीचा फारसा निभाव लागला नाही. माणसांवरील 'स्टेप' चाचणी सप्टेंबर २००७ मध्ये थांबवावी लागली, तेव्हा दुसरे उत्तरच अधिक विश्वसनीय होते हे कळून चुकले. माकड तेच, विषाणू बदलताच साक्ष बदलली.

यावरून 'माकड हे एच.आय.व्ही.चे प्रतिमान आहे' हे विधान अपुरे ठरते. 'कोणत्या प्रश्नासाठी, कोणत्या विषाणूसह' हे दोन तपशील जोडल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. आणि हे तपशील एखाद्या चमकदार प्रयोगाने हाती लागत नाहीत. तोच प्रयोग दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या कळपावर, दुसऱ्या हातांनी करून पाहिल्यावरच ते ठरतात. तुलनात्मक भाषाशास्त्रात एकाच बोलीतील एका रूपावरून मूळ रूपाची स्थापना कोणी करीत नाही. साक्षी अनेक लागतात आणि त्या परस्परांशी ताडून पाहाव्या लागतात. प्रतिमानाचेही तसेच आहे.

३

आता 'प्रारंभिक' या शब्दाकडे वळू. एन.आय.एच.च्या परिभाषेत 'प्रारंभिक अवस्थेतील संशोधक' म्हणजे अंतिम पदवी किंवा वैद्यकीय प्रशिक्षण पूर्ण होऊन दहा वर्षे उलटली नाहीत आणि ज्याला अजून एखादे मोठे स्वतंत्र अनुदान मिळालेले नाही असा संशोधक. व्याख्येत वयाचा उल्लेख नाही. मोजले जाते ते पदवीपासूनचे अंतर.

या व्याख्येमागे खरी चिंता होती. अशा मोठ्या अनुदानांपैकी पहिले हाती येईपर्यंत संशोधकाचे सरासरी वय १९८० च्या सुमारास ३६ च्या आसपास असे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते ४२ च्या घरात गेले. उमेदीची वर्षे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत खर्ची पडत होती. त्यावर उपाय म्हणून २००६ साली 'स्वातंत्र्याकडे जाणारा मार्ग' अशा अर्थाच्या नावाचे अनुदान निघाले. त्यात जास्तीत जास्त दोन वर्षे मार्गदर्शकाच्या हाताखाली आणि पुढील तीन वर्षे स्वतंत्रपणे, अशी एकूण पाच वर्षांची योजना होती. २००७ साली नवकल्पकांसाठी दुसरे अनुदान आले. त्यातही मुदत पाच वर्षांचीच, थेट खर्चासाठी एकूण १५ लाख डॉलरपर्यंत तरतूद, आणि प्राथमिक निष्कर्ष जोडण्याची सक्ती नाही. एड्स आणि व्यसनाधीनता यांच्या संशोधनासाठी याच वळणाचे जे अनुदान पुढे सुरू झाले त्याला 'आव्हनीर', म्हणजे फ्रेंच भाषेत 'भविष्यकाळ', असे नाव मिळाले.

या योजनांनी अनेक तरुणांना स्वतःच्या पायांवर उभे केले, हे निर्विवाद आहे. प्रश्न त्यांच्या हेतूचा नाही, त्यांच्या विशेषणांचा आहे. 'नवे', 'साहसी', 'असाधारण सर्जनशील' आणि 'आमूलाग्र परिणाम घडविणारे' अशा विशेषणांची या निवेदनांत रेलचेल असते. 'खात्रीचे', 'ताडून पाहिलेले' किंवा 'पुन्हा केलेले' अशी विशेषणे निवडीचा मुख्य निकष म्हणून आढळत नाहीत. निवेदनाच्या व्याकरणात तरुण म्हणजे नवा आणि नवा म्हणजे वेगळा, असे समीकरण गृहीत धरलेले आहे.

४

दोन शब्दांतील विरोध येथे उघड होतो. पाच वर्षांची मुदत परीक्षानळीतील कामाला पुरते. माकडाचे घड्याळ निराळे चालते. रीसस माकड प्रौढ व्हायला तीन ते पाच वर्षे लागतात. लशीचा एक प्रयोग म्हणजे काही महिने लसीकरण, मग विश्रांती, मग विषाणूचा अल्प मात्रेत वारंवार संपर्क आणि त्यानंतर दीर्घ निरीक्षण. परवानग्या आणि प्राण्यांची उपलब्धता यांचा काळ वेगळाच. पाच वर्षांत असा एकच प्रयोग नीट होतो. तो सफल झाला तर लेख होतो. फसला तर 'प्रारंभिक' हे विशेषण संपते आणि त्याच्या जागी दुसरे कोणतेच येत नाही.

शिवाय हे काम वारशाशिवाय होत नाही. माकडे, पारखलेले विषाणू, साठविलेले ऊतींचे नमुने आणि कुशल पशुवैद्य हे सारे मोठ्या केंद्रांकडेच असते. या वारशाचा एक धागा आपल्यापर्यंत पोचतो. अमेरिकी निबंधांत 'भारतीय वंशाची रीसस' ही संज्ञा वारंवार येते. भारताने १९७८ साली या माकडांची निर्यात बंद केली. तेव्हापासून तेथे वाढत आलेले कळप पूर्वी नेलेल्या माकडांची संतती आहेत. चिनी वंशाच्या माकडांत रोग सहसा सावकाश वाढतो, आणि भारतीय वंशाच्या माकडांची जनुकीय ओळख अधिक बारकाईने झालेली आहे; म्हणून आजही मागणी त्यांनाच. ज्याला 'स्वतंत्र' म्हणून गौरवावयाचे, त्या तरुणाने पहिल्या दिवसापासून या वारशाच्या मालकांकडे पदर पसरावयाचा, असा हा विपर्यास आहे.

त्याचा परिणाम ज्ञानावर कसा होतो हे एका प्रसंगावरून दिसेल. ऑक्टोबर २०१६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक निबंध आला. नेहमीच्या औषधांबरोबर 'अल्फा४-बीटा७' या प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड दिलेल्या माकडांत सर्व उपचार थांबविल्यावरही एस.आय.व्ही. नियंत्रणात राहिला, असा त्याचा निष्कर्ष होता. आशा उंचावल्या, माणसांवर चाचणीही झाली. २०१९ साली त्याच नियतकालिकात तीन निबंध प्रसिद्ध झाले आणि तिन्हींना तो परिणाम आढळला नाही. माणसांतही तो दिसला नव्हता. येथे कोणाला दोष देण्याचा हेतू नाही; विज्ञान असेच पुढे जाते. विचारावयाचे ते इतकेच : त्या तीन निबंधांतील काम 'नवकल्पक' अनुदानाच्या अर्जात बसले असते काय? 'अमुक प्रयोग मी पुन्हा करून पाहणार आहे' असे पहिल्याच अर्जात लिहिण्याचे धाडस कोणता तरुण करील? प्रतिमानाला ज्याची सर्वांत अधिक गरज आहे, तेच करण्यास निवेदनाची भाषा तरुणाला परावृत्त करते.

५

यावर दोन आक्षेप संभवतात. नव्याचा आग्रह सोडला तर तरुण संशोधक ज्येष्ठांचे हरकामे होतील, हा पहिला. परंतु एखाद्या ज्येष्ठाचा निष्कर्ष तपासण्याइतके स्वतंत्र कृत्य संशोधनात क्वचितच असेल. हरकाम्या धन्याची चूक दाखवीत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रयोग पुन्हा करावयाचा म्हणजे आणखी माकडांचा बळी द्यावयाचा. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली पर्याय, घट आणि परिष्कार ही त्रिसूत्री मांडली तेव्हापासून हा विचार टाळता येत नाही. 'मानवेतर नरवानर' या शब्दातच हा नैतिक पेच भरलेला आहे. मराठीत प्रायमेट गणाला 'नरवानर गण' म्हणतात, आणि त्यातला 'नर' म्हणजे आपणच. 'नरवानर' म्हणून त्याच्यावरील प्रयोग उपयोगाचा आणि 'मानवेतर' म्हणून तो अनुज्ञेय. एकाच पदात साम्याचा दावा आहे आणि त्याचा इन्कारही. हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की ज्या प्रयोगाचा निष्कर्ष कोणीही ताडून पाहिला नाही, त्यातील प्राण्यांचा बळी सर्वांत व्यर्थ गेला. प्राण्यांची संख्या कमी करावयाची तर विखुरलेल्या आणि अपुऱ्या संख्येच्या नवलाईच्या प्रयोगांची करावी.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे. केवळ प्राणी-प्रतिमानांपुरती मर्यादित अशी नवी अनुदान-निवेदने यापुढे काढली जाणार नाहीत, असे एन.आय.एच.ने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले. ज्या केंद्रात १९८५ साली तो विषाणू सापडला ते तर २०१५ सालीच बंद झाले. या बदलाचे समर्थन वा विरोध हा स्वतंत्र विषय आहे. पण ज्यांनी 'भविष्यकाळा'च्या नावाने दिलेले अनुदान स्वीकारून आपली दहा वर्षे या एका प्रतिमानाला वाहिली, त्यांच्यासाठी या परिभाषेत एकही शब्द नाही. 'प्रारंभिक' या पदाला उत्तरपद नसावे, ही त्यातील मोठीच उणीव होय.

निवेदनांच्या भाषेत तीन दुरुस्त्या तरी अवश्य व्हाव्यात. मुदत प्रयोगातील प्राण्याच्या आयुष्यक्रमावरून ठरावी. पुनःपरीक्षणाचा प्रस्ताव स्वतंत्र संशोधन म्हणून ग्राह्य धरावा. आणि 'प्रतिमान' हा शब्द वापरणाऱ्या प्रत्येक अर्जदाराने तो कोणत्या प्रश्नासाठी वापरला ते एका वाक्यात सांगावे. तिसरी दुरुस्ती बिनखर्चाची आहे, आणि तिची सुरुवात आपल्या विभागातील प्रबंधांच्या आराखड्यांपासूनही करता येईल.